निसवत्या भाताच्या दिवसांतलं तांबं

भात निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या, की मला एका जागी बसवत नाही. भोरच्या आमच्या घराची मागची खिडकी उघडली की उत्रोलीच्या शेतांकडून तो वास आत येतो. दाण्यात दूध भरू लागल्याचा, किंचित गोडसर, गवताच्या जवळचा. पाऊस मागे सरलेला असतो, उन्हं अचानक पाठीवर बसायला लागतात, रस्त्याच्या कडेची तेरड्याची फुलं माना टाकतात. अशा दिवसांत माणसानं खरं म्हणजे निवांत असावं. लावणीची धावपळ संपलेली, कापणीला अवकाश. पण मी घरभर फिरत राहते, चहाचं आधण ठेवून विसरते, फोन वाजला नाही तरी उचलून बघते. आई म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी लागली परत." मी उकाड्यावर ढकलून मोकळी होते. उकाड्याचं ते नाही, हे आईलाही माहीत आहे आणि मलाही.

माझं काम पाणी तपासायचं. पुण्याच्या अलीकडे एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते. नद्यांचं, विहिरींचं, कारखान्यांच्या नाल्यांचं पाणी बाटल्यांतून येतं आणि त्यात काय काय आहे ते आम्ही सांगतो. माझ्याकडे बहुतेक वेळा तांबं. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की हमखास कुणीतरी काका पुढे सरसावतात, "अगं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर मुद्दाम प्यावं!" प्या की, काका. माणसाचं शरीर थोडंफार तांबं सहज पचवतं, त्याला ते लागतंही. माशाचं तसं नाही. मासा पाणी नुसतं पीत नाही, तो पाण्यातच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांवर तांबं जाऊन बसलं की त्याच्या अंगातलं मीठ गळून जायला लागतं आणि तो हळूहळू कासावीस होतो. हे लग्नाच्या मांडवात सांगायचं नसतं, हे मला उशिरा कळलं.

आणि तांबं किती आहे एवढं मोजून भागतही नाही. खरी कटकट तिथेच आहे. गावात माणसं किती, ही एक मोजणी झाली. त्यातली मोकळी किती, काठी घेऊन तुमच्या दारात भांडायला येऊ शकतील अशी किती, ही वेगळी मोजणी. पाण्यातलं तांबंही असंच असतं. बरंचसं चिखलाला धरून बसतं, कुजलेल्या पानांच्या आणि पेंढ्याच्या तपकिरी रसात अडकतं, आणि असं अडकलेलं तांबं माशाच्या फारसं वाट्याला जात नाही. जे मोकळं राहतं ते चावतं. त्यात पाणी जड असेल तर चुन्याचा अंश माशाच्या कल्ल्यांवर आधीच जागा अडवून बसलेला असतो, तांब्याला शिरकाव मिळत नाही. वेल्ह्याच्या डोंगरातून उतरणारं पाणी इतकं हलकं, की अंगाला लावलेला साबण निघता निघत नाही. अशा नितळ, हलक्या पाण्यात चिमूटभर मोकळं तांबंसुद्धा फार होतं. ज्या पाण्याचं आपण कौतुक करतो, आरशासारखं म्हणतो, त्यातच मासा सगळ्यात उघडा पडलेला असतो.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत मामीचा फोन आला होता.

मामी वेल्ह्याच्या बाजूला राहते. मामा गेल्याला बरीच वर्षं झाली, मामेभाऊ पुण्याला कंपनीत, आणि मामी एकटी आपली भाताची खाचरं सांभाळते. तिच्या शिवारातून एक ओढा खाली येतो आणि पुढे भाटघर धरणाच्या फुगवट्याला जाऊन मिळतो. फोनवर मामी नेहमी आधी सगळ्यांची विचारपूस करते. त्या दिवशी केली नाही.

"पोरी, तू ते पाणी तपासतीस न्हवं?"

"हो. का गं?"

"मग माजं तपास. म्या मासं मारलं म्हणत्यात."

झालं होतं ते असं. मामीच्या खाचरांच्या खालच्या अंगाला बबनअण्णांनी ओढ्यावर छोटा बांध घालून तळं केलं होतं. अण्णा गावातले जाणते, शब्दाला वजन असलेले. त्यांनी त्या तळ्यात रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं सोडली होती आणि रोज सकाळी स्वतः कोंडा घेऊन काठावर जाऊन उभे राहायचे. मासे ओळखतात मला, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. घटस्थापनेच्या थोडं आधी, एका सकाळी ते कोंडा घेऊन गेले तर तळ्यावर पांढरी पोटं तरंगत होती.

तळ्याच्या वरचं पहिलं शेत मामीचं. आणि मामीनं खाचरात शेवाळ फार माजलं म्हणून पाटाच्या तोंडाशी मोरचुदाची पुरचुंडी बांधून ठेवली होती. मोरचूद म्हणजे तांब्याचंच निळं मीठ. पाणी त्यातून झिरपत आत जातं आणि शेवाळ मरतं, तिकडे पूर्वीपासून करतात. तिनं ते लपवलं नव्हतं. विचारल्यावर सरळ सांगितलं, "व्हय, टाकली हाय." त्या सरळपणाचाच तिला फटका बसला.

अण्णांनी तळ्याचं पाणी नेऊन कुठल्याशा ठिकाणी तपासून घेतलं. तांबं मर्यादेच्या पुष्कळ वर, असं उत्तर आलं. गावकी बसली. मामीचं पाणी पुन्हा तळ्यात उतरायला नको, म्हणून नीट छडा लागेपर्यंत मामीच्या पाटाला पाणी सोडायचं नाही, असं ठरलं. पाटाच्या तोंडाशी दगड आणि चिखल लिंपला गेला.

ज्यांना भात ठाऊक नाही त्यांना यातलं काय गेलं ते कळणार नाही. निसवतं भात तहानेलं असतं. पाऊस गेलेला, वरून थेंब नाही, आणि नेमकं याच दिवसांत खाचरात पाणी नसेल तर लोंबी बाहेर येते, उभी राहते, वाऱ्यावर हलतेही. फक्त तिच्यात दाणा भरत नाही. लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही. हातात घेऊन दाबलं की नुसतं टरफल.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं गेले. सोबत थर्माकोलची पेटी आणि आम्लानं धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. मामी बांधावर उभी होती, डोक्यावर पदर, हातात काही नाही. तिला मी रिकाम्या हातांनी कधी पाहिलं नव्हतं. खाचरातलं उरलंसुरलं पाणी तपकिरी, गेल्या वर्षीच्या कुजलेल्या पेंढ्याच्या रंगाचं. कडेची माती आक्रसायला लागली होती.

"म्या इख घातलं म्हणत्यात," ती म्हणाली. "मोरचूद घातला म्हणा म्हणावं. इख कशापायी म्हणायचं?"

तिला काय काय बोललं गेलं होतं ते तिनं सांगितलं. पाणी तोडल्याचं, गावकीत उभं केल्याचं ती तावातावानं सांगत होती. 'इख', विष, हा एक शब्द आला की मात्र तिचा आवाज बारीक व्हायचा. बाकीचं सगळं तिच्या अंगावरून वाहून गेलं होतं, तेवढं आत जाऊन बसलं होतं. मी बाटल्या भरत राहिले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग अण्णांकडे गेले. भांडायच्याच तयारीनं गेले होते, पण त्यांच्या पडवीत कोंड्याचं अर्धं पोतं तसंच पडलेलं दिसलं आणि माझी धार थोडी बोथट झाली. मी विचारलं, "अण्णा, तपासायला पाणी कसं नेलंत?"

त्यांनी आत आवाज दिला. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, एक कळशी आणून पुढ्यात ठेवली. तांब्याची, लख्ख, तोंड दिसेल अशी.

"हिच्यात," अण्णा म्हणाले. "तपासायचं पाणी म्हणल्यावर भांडं सोवळंच पायजे. हिनं आदल्या दिशी चिंच लावून घासली, वर फडकं बांधलं आनि मांडीवर घेऊन गेलो एसटीनं. तिथल्या माणसानं मग त्याच्या बाटलीत वतून घेतलं."

मी कळशीकडे बघत राहिले. हसावं की डोक्याला हात लावावा?

"अण्णा, तांबं मोजायचं पाणी तुम्ही तांब्याच्या कळशीतून नेलंत."

"मग काय रॉकेलच्या कॅनात न्यायचं व्हतं?"

त्यांचं तरी काय चुकलं? घरातलं सगळ्यात पवित्र भांडं त्यांनी काढलं होतं. चिंचेनं ताज्या घासलेल्या तांब्यात पाणी एसटीच्या धक्क्यांवर हिंदकळत तालुक्याला जातं, तेव्हा त्यात तांबं उतरणारच. तो आकडा तळ्याचा नव्हताच, तो कळशीचा होता. मी हे समजावून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. कळशीचं ऱ्हाऊ दे. मासं तर मेलंच की. कळशीनं मारलं का?"

बिनतोड होतं ते. पाट उघडायला ते तयार नव्हते, आणि मामीच्या पाण्यात तांबं नाही असं माझ्याही तोंडून निघत नव्हतं. पुरचुंडी तर होतीच.

परतताना मी मुद्दाम ओढ्यानं उतरले. तळ्याच्या जरा वर एक मोठा सपाट खडक आहे. त्याच्या खाचांत चिंचोके अडकले होते, चिंचेचा काळपट चोथा वाळून चिकटला होता, राखेचे डाग होते. घट बसायच्या आधी गावातलं झाडून सगळं तांबं-पितळ इथं येतं. हंडे, घागरी, ताम्हनं, देवळातली भांडी. बायका रांगेनं बसतात आणि घासतात. लहानपणी मामीबरोबर मीही बसले आहे, बोटं सुरकुतेपर्यंत. चिंचेनं सुटलेलं ते सगळं तांबं ओढ्यानं थेट तळ्यात उतरलं असेल, हे मला तिथं उभ्या-उभ्या सुचलं असं म्हणायला आवडलं असतं. सुचलं ते कापूरहोळला, गाडी बदलताना, पेटीत घालायला शीतपेयाच्या दुकानातून बर्फ घेत होते तेव्हा. सुट्या पैशांसाठी दुकानदार हाका मारत राहिला आणि मी तशीच उलट पावली निघाले. पुन्हा एसटी, पुन्हा तो ओढा, खडकाच्या आणि सगळ्या शेतांच्याही वर जाऊन नितळ पाण्याच्या आणखी बाटल्या. मामी म्हणाली, "आगं आत्ता तर गेलीस!"

नंतरचे दिवस मला आठवतात ते काचेच्या चंचुपात्रांसमोरचे. तांब्याचं हे मोकळं-अडकलेलं कोडं उकलायला आमच्याकडे यंत्रं आहेत, गणितं आहेत, पण शेवटी खात्री करायची तर एखाद्या जिवालाच विचारावं लागतं. आम्ही विचारतो डॅफ्नियाला. मोहरीहून मोठी नसेल अशी पाण्यातली पिसू, आरपार दिसणारी, झटके देत पोहणारी. सूक्ष्मदर्शकाखाली तिचं काळीज उडताना दिसतं. तपासायच्या पाण्यात तिला सोडायचं आणि दोन दिवस थांबायचं. भांडं हलकेच हलवल्यावर जी पोहते ती चांगली, जी तळाशी पडून राहते ती गेली.

थांबणं मला कधीच जमलेलं नाही. मी बाटल्या परत परत पुसल्या, लेबलं सरळ केली, जिना चढले-उतरले. रोज दुपारी मामीचा फोन यायचा. पहिल्यांदा ती म्हणाली, वरच्या खाचराला भेग पडली. मग म्हणाली, भेगेत बोट जातंय. त्यानंतर भाताबद्दल बोलणंच तिनं सोडलं, आणि मला जास्त भीती वाटायला लागली. "तुजं ते किडं कसं हायती?" एवढंच विचारायची. शेतात तिचं भात वाळत होतं आणि इथं मी पिसवांच्या पोहण्याकडे डोळे लावून बसले होते. घाई करता येत नव्हती. घाई केली असती तर त्या उत्तराला कुणी भीक घातली नसती.

यंत्राचे आकडे आधी आले. मामीच्या खाचरातल्या पाण्यात तांबं होतं, चांगलं दिसण्याइतकं. दुसरीकडे मी स्वतःच एक प्रयोग लावला होता. ओढ्याच्या वरच्या नितळ पाण्यात, घरून आणलेला तांब्याचा गडू चिंचेनं घासून त्याचं थोडंसं धुवण मिसळलं होतं. त्यात तांबं मामीच्या पाण्याच्या निम्म्यानंही नव्हतं. नुसते आकडे बघणारा कुणीही म्हणाला असता, दोषी मामीच.

मग पिसवा बघितल्या. मामीच्या तपकिरी पाण्यात सगळ्या झटके देत पोहत होत्या. गडूच्या नितळ पाण्यात सगळ्या तळाशी. मी भांडं हलवलं. पुन्हा हलवलं. तळाशीच. मामीचं तांबं तिच्याच खाचरातल्या कुजक्या पेंढ्यानं धरून ठेवलं होतं. जे लख्ख, पवित्र, हाताला गुळगुळीत लागणारं, ते मोकळं सुटलं होतं.

मला आनंद झाला, आणि तो फार टिकला नाही. त्या सकाळी ज्या पाण्यात मासे मेले ते पाणी केव्हाच धरणात गेलं होतं. ते मी पाहिलेलं नाही, मोजलेलं नाही. मामीच्या पाण्यानं मासे मेले नसावेत हे मी जबाबदारीनं सांगू शकत होते. खडकावरच्या चिंचेनं मेले असावेत, हे मला वाटत होतं. सिद्ध करता येत नव्हतं. आजही येत नाही. दर वर्षी भात निसवलं की हे पुन्हा वर येतं आणि मी घरभर फिरत राहते. काम असं निवडलं की लोक माझ्याकडून ठाम बोलण्याची अपेक्षा करतात, आणि मला जितकं जास्त कळतं तितकं माझं बोलणं 'असावं' आणि 'बहुतेक'वर येऊन अडतं.

आता गावात भांडी घासायची ती घराच्या मागे, टबात. धुवण ओढ्यात न टाकता आंब्याच्या बुडाशी मातीत ओततात. मामीनं पुरचुंडी बांधणंही सोडलं, शेवाळ ती दाताळ्यानं ओढून काढते. त्या वर्षी मात्र तिच्या वरच्या खाचराचं भात बरंचसं पोचटच निघालं. वारं द्यायला घेतलं तेव्हा सुपातून टरफलं उडून जात होती आणि ती बघत होती. खालची खाचरं वाचली, ती वाचली त्या संध्याकाळमुळे.

त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून थेट गाव गाठलं. नवरात्र चालू होतं आणि आरतीसाठी सगळे देवळात जमलेले. मामी कडेला, खांबाजवळ, थोडी सुटी बसली होती. तिच्या आसपास जागा रिकामी होती. देवीपुढे समया, ताम्हनं, घागरी झगझगत होत्या. मी अण्णांना म्हटलं, सगळ्यांसमोरच सांगते. आकडे सांगितले, पिसवांचं सांगितलं, मामीच्या पाण्यात त्या जगल्या हे दोनदा सांगितलं. लोकांनी ऐकलं. काहींनी मामीकडे पाहिलं.

"मग मासं मारलं कुणी?" अण्णांनी विचारलं.

इथं गप्प बसता आलं असतं. माझं काम झालं होतं, मामी सुटली होती. पण अण्णांचा आवाज वादाचा नव्हता, त्यांना खरोखरच ते हवं होतं. मी चिंचेचं सांगितलं. खडकाचं सांगितलं. "नक्की नाही सांगता येत, पण तसं असावं," असं म्हणाले तेव्हा देवळात एकदम कुजबुज उठली.

"म्हंजे देवीची भांडी घासायची न्हाईत?" मागून कुणीतरी ओरडलं.

"आमच्या बायका पापी, आन् मोरचूद टाकणारी धुतल्या तांदळाची व्हय?" आणखी एक जण उठून उभा राहिला. वहिनींनी आपले हात पदराखाली घेतले. मामीला सोडवायला आले आणि अख्खं गाव तिच्यावर उलटवून बसले, एवढंच मला त्या वेळी दिसत होतं.

तेवढ्यात मामी उठली. खांब सोडून ती बायकांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"त्यात माजा हंडाबी व्हता," ती म्हणाली. "त्याच खडकावर म्याच सगळ्यांच्या आदी घासला. घरी नेऊन घासाया काय झालं व्हतं मला? तितंच बसले. तवा माशांचं जे काय झालं आसल ते आपल्या समद्यांचं." मग अण्णांकडे वळून, तितक्याच साध्या आवाजात, "आदी मला एकटीला धरलं तुमी. आता मला एकटीला सोडू नगा."

उभा राहिलेला माणूस खाली बसला. वहिनींनी मामीचा हात ओढून तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. अण्णा उठले आणि कोपऱ्यातलं फावडं घेऊन पाटाकडे चालू लागले. त्यांच्यामागे आणखी दोघं-चौघं गेले, मग उरलेलेही.

त्या संध्याकाळी गावात आरतीला उशीर झाला.